पलीकडची बॅटरी

४ नोव्हेंबर

नागपूरच्या डॉक्टरने छुट्टी देताना हेमराजच्या हातात औषधांची पिशवी दिली अन् माझ्या हातात ही डायरी. कोण्या औषधवाल्याची फुकटातली आहे, दर पानावर लाल हृदय छापलेलं. म्हणाला, "काका, तुमचा राग आता तुमच्या छातीला झेपणार नाही. राग आला की बोलायचं नाही, इथं लिहायचं." मी म्हटलं, "मग एका डायरीत भागणार नाही." तो हसला. त्याला वाटलं मी गंमत केली.

तर लिहून राहिलो. आज पहिला राग पोराचा. हेमराजने माझा मोबाईल काढून घेतला. पेपर बंद केला. सून तृप्ती, तिने भाजीतलं तिखट बंद केलं, मीठही नावालाच. विचारलं तर दोघांचं एकच उत्तर, बाबांना धक्का नको. अरे, धक्का लागून फुटायला मी काय मातीचा गणपती आहे?

खाट घरापुढच्या छपरीत टाकली, एवढं मात्र बरं केलं. इथून सगळं दिसतं. आमची संत्र्याची झाडं, उताराखाली जाम नदी, नदीपलीकडे तुळशीरामचं शेत अन् शेताच्या बांधाला त्याचं टिनाचं घर. त्याच्या मागे सावरगावची झाडं.

दिवे लागले तशी मी खुंटीवरची बॅटरी काढली अन् पलीकडे एकदा लांब मारली. मनात म्हटलं, पाहू आता, हा जवाब देते का नाही देत.

दिला! तिकडून एक लांब उजेड आला अन् विझला. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं माझ्या. तृप्ती दारात उभी होती, तीही पदराने डोळे पुसत आत गेली. कांदा चिरत असेल.

६ नोव्हेंबर

बॅटरीचं सांगून ठेवलं पाहिजे, नाही तर माझ्यामागे कोणी ही डायरी वाचली तर म्हणेल म्हातारा चळला होता.

आम्ही शेतात राहायला आलो तेव्हा फोन नव्हते. रानडुकरं नदीतून यायची, कधी त्याच्या बाजूने, कधी माझ्या. म्हणून तुळशीरामने अन् मी ठरवून टाकलं. दिवे लागताना एक लांब उजेड मारायचा. म्हणजे मी आहे, सगळं ठीक आहे. दोनदा मारला म्हणजे डुकरं तुझ्याकडे निघाली. अन् बॅटरी गोल फिरवली म्हणजे हातातलं टाकून ये.

गोल फिरवायची पाळी कमी आली. माझी बायको मनकर्णा गेली तेव्हा मी फिरवली होती. नदीला पाणी होतं. तरी आला. कमरेपर्यंत ओला, उभा राहून धोतर पिळत होता. सकाळपर्यंत छपरीत बसून राहिला.

पुढे खिशाखिशात मोबाईल आले, पण आमची बॅटरी सुटली नाही. फोनवर माणूस खोटं बोलते. उजेड खोटं बोलत नाही.

पोळ्यानंतर आमचं बोलणं बंद पडलं. बॅटरी बंद पडली नाही.

८ नोव्हेंबर

अर्धं पांढुर्णा मला पाहून गेलं. सोसायटीवाले आले, व्याही आले, ज्याच्याशी माझा बांधाचा वाद आहे तो सुद्धा नारळ घेऊन आला. तुळशीराम आला नाही. नदी तर आता घोट्याएवढी आहे.

भांडण कशावरून झालं ते लिहायलाही लाज वाटते. उजेडावरून झालं.

त्याची नात प्रियंका पांढुर्ण्याच्या कॉलेजात सायन्स शिकते. त्या दिवशी आजोबाला शोधत आमच्या बांधावर आली. आम्ही दोघं तंबाखू मळून राहिलो होतो. सूर्य टेकला होता. पोरगी म्हणे, "आबा, तो सूर्य आताचा नाही. आठ मिनिटांआधीचा हाय. उजेडाले इथवर यायले येवढा टाइम लागते."

मी म्हटलं, "मंग आताचा कुठी हाय?"

"आताचा आपल्याले दिसतच नाही. चांदण्या तं लय जुन्या. एखादी कधीची विझून गेली असन, तरी आपल्याले दिसून राहिली."

तुळशीराम तोंड उघडं टाकून ऐकून राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणे, "म्हणजे गुणवंता, मी तुले दिसून राहिलो तोबी आताचा नाही. जरासा मागचा."

"मंग मागच्यानं माही तंबाखू काहून खाल्ली? थुक!"

हसलो तिघंही. इथवर गंमतच होती. पण तुळशीराम सोडेना. पोरगी बरोबर सांगून राहिली म्हणे. आपल्याले दिसते ते होऊन गेलेलं असते, होऊन राहिलेलं कोणाले दिसत नाही. एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला, अन् मला राग आला. जे दिसते ते आहे, याच्यावर मी सारी जिंदगी शेती केली. फळ झाडावर दिसलं म्हणजे ते झाडावर आहे. मी म्हटलं, "चार बुकं शिकली पोट्टी, अन् आता तुम्ही लोकं आम्हाले उजेड शिकवान का?"

एवढंच म्हटलं. तुळशीराम उठला, धोतर खोचलं अन् नदीत उतरला. माझ्याकडे पाहिलंही नाही. प्रियंका मात्र थांबून पाहत राहिली, मग तीही गेली.

यात रुसण्यासारखं काय होतं ते मला आजपर्यंत समजलं नाही. सूर्यावरून कोणी रुसते का?

नागपूरला ऑपरेशनच्या टेबलावर झोपवलं, नाकावर ते मास्क आणलं, तेव्हा देव आठवला नाही, पोरगा आठवला नाही. एकच मनात आलं, तुळशीरामशी बोलल्याशिवाय मरायचं नाही. ते अजूनही तसंच आहे. पण बोलायचं त्याने आधी. उठून तो गेला होता, मी नाही.

आजही उजेड आला. म्हणजे रुसला आहे, पण आहे. मग घाई कशाची?

१२ नोव्हेंबर

सकाळी त्याची बायको वत्सलाबाई नदीवर धुणं धूत होती. खाटेवरून पाहत पडलो होतो. तिचा हात दगडावर पडलेला आधी दिसे, अन् थप्प आवाज मागून येई. हात वर गेलेला असे तेव्हा थप्प. हे मी आयुष्यभर पाहिलं असेल, पण आज पहिल्यांदा लक्षात आलं. जे ऐकलं ते झालेलं होतं.

चला, आवाजाचं कबूल. उजेडाचं नाही.

दरवेळी ती तिथून हाक मारते, "भाऊ, जेवले का?" आज नाही मारली. धुणं लवकर आटोपलं, फार नव्हतंच. उठून आमच्या छपरीकडे पाहत उभी राहिली, पदर तोंडावर धरून. मग टोपलं उचलून गेली. नवऱ्याने तंबी दिली असणार, गुणवंताशी बोलायचं नाही म्हणून. बाईमाणसाला कशाला मध्ये घालायचं!

१५ नोव्हेंबर

श्रावण आला होता, आमच्या वरच्या अंगाचा शेतकरी. त्याच्या घरच्या टीव्हीवर मॅच चालू, इकडे हेमराज तीच मॅच मोबाईलवर पाहत होता. तिकडून "आऊट!" म्हणून बोंब आली अन् इकडे मोबाईलमध्ये बॉलर अजून पळतच होता. मी विचारलं, हे काय? हेमराज म्हणे, "बाबा, मोबाईलवर उशिरा येते." मी म्हटलं, "वर तं लाइव्ह लिहून हाय." म्हणे, लाइव्हच हाय, पण उशिरा येते.

मला बिचाऱ्या त्या खेळाडूची दया आली. तिकडे तो बॅट काखेत मारून परतही गेला, अन् इकडे अजून खेळून राहिला.

श्रावणला म्हटलं, हे तुळशीरामला सांगितलं पाहिजे, खूष होईल. श्रावण म्हणाला, "हो ना भाऊ. तुळशीराम होता तेव्हा मोठी मजा..." अन् आतून तृप्ती जोरात ओरडली, "श्रावणभाऊ, चहा घ्या आधी!" चहाचं नावही नव्हतं, नंतर मांडला. श्रावण घाईघाईने उठला, न घेताच गेला.

'होता तेव्हा' काय? भांडलो तर साऱ्या गावाने आमची दोस्ती संपवूनच टाकली!

१९ नोव्हेंबर

थंडी पडली. सकाळी नदीवर धुकं होतं. उठून बसलो तर पलीकडे तुरीत तुळशीराम उभा. अंगात तोच निळा स्वेटर, मी नागपूरच्या सीताबर्डीवरून आणून दिला होता तो. डोक्याला दुपट्टा. सरळ माझ्याकडे तोंड करून उभा.

मला इतकं बरं वाटलं काय सांगू. मीही बसून राहिलो. म्हटलं, तू पाहा, मीही पाहतो. चहा झाला, गोळ्या झाल्या, तरी तो तिथेच. हलला नाही. धुकं वर गेलं, ऊन आलं, तरी माझ्याकडेच पाहून राहिला. माणूस हट्टी तरी किती असावा! मी हात वर केला. त्याने केला नाही.

शेवटी मीच कूस बदलली. पण पाठीवर त्याची नजर लागून होती. सारा दिवस.

हेमराजला सांगितलं. त्याने मान खाली घातली. म्हणे, "बाबा, तुमच्या चश्म्याचा नंबर बदलला असन." मोठा आला नंबर सांगणारा. मी तुळशीरामला ओळखणार नाही का?

२४ नोव्हेंबर

डुकरांनी नदीकडचा हरभरा उकरून टाकला. पायांच्या खुणा सरळ तुळशीरामच्या बाजूने आल्या. म्हणजे त्याच्या शेतातून गेली अन् त्याने दोनदा बॅटरी मारली नाही. असं कधी झालं नव्हतं. भांडण माझ्याशी, हरभऱ्याने काय केलं होतं?

दिवसभर धुसफुसत होतो. मग सांज व्हायला लागली अन् राग कुठल्या कुठे गेला, भीतीच वाटली. काय झालं असेल त्याला, डुकरं दिसेनात, ऐकू येईना? उजेडही अलीकडे हलता येतो, बांधावरून नाही, घराच्या दारातून. आजारी तर नाही?

म्हटलं जाऊ दे, माझं नाक कापलं गेलं तरी चालेल. दिवे लागले तशी बॅटरी घेतली अन् गोल फिरवली. गोल. पुन्हा गोल. हातातलं टाकून ये. छातीचे टाके ओढत होते तरी फिरवली.

तिकडून एक लांब उजेड आला. सगळं ठीक आहे.

मी पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. ठीक आहे.

नदीच्या काठाकडे पाहत बसून राहिलो. आता धोतर खोचून येईल, आता येईल. कोणी आलं नाही.

मी त्याला 'ये' म्हटलं होतं. मी! अन् तो म्हणतो ठीक आहे. मनकर्णा गेली त्या वेळचा माणूस तो हाच का? आता संपलं. आता मीही पाहतो.

२७ नोव्हेंबर

बॅटरी मारणं बंद केलं. पहिल्या सांजेला तिकडून एक लांब उजेड आला. थांबला. पुन्हा आला. मग येतच राहिला, लांब, लांब, लांब, एकामागून एक. मी खाटेवर हाताची घडी घालून बसलो होतो. म्हटलं, घे! आता कसं? तडफड जरा!

दुसऱ्या दिवशीही तसंच. उजेड थरथरत होता, एकदा आभाळात गेला, एकदा नदीत पडला. हेमराजच्या फोनवर कोणाचा फोन आला, तो बोलत बोलत गोठ्यामागे गेला. परत आला तर डोळे लाल. "बाबा, मारा ना बॅटरी," म्हणे. मी म्हटलं, तुला काय करायचं? तर पोरगा हात जोडून उभा राहिला माझ्यापुढे. म्हाताऱ्यांच्या भांडणात इतकं काय मनाला लावून घ्यायचं!

जिंकलो मी. पण आज जेवण गेलं नाही.

३० नोव्हेंबर

आता जे लिहितो ते कोणाला सांगितलं तर मला पुन्हा नागपूरला नेतील.

मी बॅटरी मारत नाही. खुंटीवर आहे, हात लावत नाही. अन् तरी तिकडून बरोबर एकच लांब उजेड येतो, शांतपणे, जसा जवाब देताना येतो. तडफड नाही, वाट पाहणं नाही. जणू इकडून उजेड गेला अन् त्याने जवाब दिला.

मी मारला नाही तर तो जवाब कोणाला देऊन राहिला?

काल वाटलं, योगायोग. आज मुद्दाम पाहत बसलो. पुन्हा तसंच. प्रियंकाचं बोलणं आठवलं, उजेड उशिरा पोचतो म्हणून. माझे आधीचे उजेड आता पोचून राहिले का त्याला? नदी केवढीशी, तिला ओलांडायला उजेडाला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही असं तीच म्हणाली होती. मग मधे काय वाढलं आमच्या?

सकाळी तुरीत तो पुन्हा उभा होता. तसाच. मला आता त्याच्याकडे पाहवत नाही.

१ डिसेंबर

ठरलं. उद्या मंगळवार, हेमराज अन् तृप्ती जामसांवलीला जाणार आहेत. माझ्या ऑपरेशनसाठी हनुमानाला नवस बोलले होते, तो फेडायला. दुपारी जातील, सांजेपर्यंत येतील. मी तेवढ्यात नदी ओलांडून जाऊन येतो. आधी कोणी बोलायचं याचा हिशोब गेला चुलीत. मी आधी बोलतो. त्याच्या समोर उभा राहून म्हणतो, बोल ना बे. एवढंच म्हणतो.

३ डिसेंबर

काल गेलो होतो.

काठी घेतली. नदीत दगड निसरडे होते, एका ठिकाणी बसावं लागलं, छातीत शिवण ताणून राहिली होती. डॉक्टर पाहता तर त्यालाच झटका आला असता. पलीकडचा काठ चढलो तर तूर समोर, अन् तुरीत तुळशीराम, माझ्याकडे पाठ. म्हणजे वारा लागून फिरला होता, हे मला नंतर समजलं. तेव्हा वाटलं मला पाहून पाठ केली.

मी म्हटलं, "बोल ना बे."

नाही बोलला. मी जवळ गेलो, खांद्यावर हात ठेवला. हाताखाली काठी लागली. निळ्या स्वेटरमध्ये तणस भरलेलं होतं. डोक्याच्या जागी मडकं, त्याला दुपट्टा गुंडाळलेला.

मी तिथेच खाली बसलो. मनात म्हटलं, बुजाडणं आहे. डुकरांसाठी उभं केलं. मग म्हटलं, पण थंडी पडली आहे अन् याने अंगातला स्वेटर काढून बुजाडण्याला कशाला घातला? मग पुढचं आपोआप समजत गेलं. तुळशीराम होता तेव्हा. कमी धुणं. तृप्तीचा कांदा. हेमराजचे जोडलेले हात. सगळं माझ्यासमोरच होतं, सगळं दिसलं होतं मला.

वत्सलाबाईने मला घरातून पाहिलं असावं. धावत आली. मला उठवायला हात पुढे केला, मग मागे घेतला. मीच तिचा हात धरला.

"कधी?" मी विचारलं.

"तुम्ही नागपूरले मशिनीवर होते तवा. ताप आला, डोक्यात गेला. दोन दिवसात..."

मी इथं दिवाळीनंतर आलो. म्हणजे मी पहिल्या सांजेला बॅटरी मारली तेव्हाही तो नव्हता. जितके उजेड मी मोजून उशाशी घेऊन झोपलो, त्यातला एकही त्याचा नव्हता.

"हेमराज आला होता हात जोडत," वत्सलाबाई म्हणाली. "म्हणे काकू, बाबा सांजेले बॅटरी मारन, जवाब नाही आला तं त्यांचं काही खरं नाही. मले तं एकच माहीत होतं, लांब मारायचा. तुम्ही गोल फिरवलं तवा मले समजलंच नाही भाऊ. मी आपला लांब मारत राहिली. मंग तुमची बॅटरी बंद झाली तं मले वाटलं, गेले तुम्हीबी. रडत फोन केला पोराले. तवापासून हेमराज मारते गोठ्याच्या मागून, अन् मी जवाब देतो."

हेमराज बापाच्या नावाने मारत होता, अन् ही नवऱ्याच्या नावाने जवाब देत होती. मी खाटेवर हाताची घडी घालून बसलो होतो.

"स्वेटर त्याचा..." मी म्हटलं.

"हो. त्यायच्या अंगाचा वास हाय तवर डुक्कर येत नाही. आता कमी झाला वास. म्हणून तुमच्याकडे आले असतीन."

तिने मला घरात नेलं. उंबऱ्यापाशी माझा पाय थांबला. इतकी वर्षं झाली, मी या घरात कधी शिरलोच नव्हतो. तो आमच्या छपरीपर्यंत यायचा, मी त्याच्या बांधापर्यंत जायचो, अन् मला वाटायचं, आमच्यात कसलं काही अंतर नाही. भिंतीवर बुद्धाचा अन् बाबासाहेबांचा फोटो. खाली तुळशीरामचा, पांढऱ्या फुलांचा हार, पुढे मेणबत्ती. फोटोत हसून राहिला होता, जणू त्याच्या तोंडात माझी तंबाखू होती.

वत्सलाबाईने पाण्याचा गिलास आणला अन् हातात धरूनच विचारलं, "पाणी देऊ का भाऊ?"

ती काहून विचारते ते मला तेव्हा समजलं. अन् मी त्या दिवशी बांधावर 'तुम्ही लोकं' म्हटलं ते कुठं जाऊन लागलं असेल तेही समजलं. तो नुसता धोतर खोचून नदीत उतरला होता. मी गिलास घेतला, सगळं पाणी प्यालो, पुन्हा मागितलं.

"माह्यावर रागावला होता का, वहिनी?"

"रागावले होते," ती म्हणाली. "लय रागावले होते. नावबी घेऊ देत नव्हते." मग मेणबत्तीची वात सरळ करत म्हणाली, "पण बॅटरी मारत होते. तुम्ही नागपूरले गेल्यावरबी. तुमचं घर अंधारात, मी म्हणे, कोणाले मारता? तापातबी उठून दारात बसले अन् मारली. म्हणे, येईन जवाब. उजेडाले उशीर लागते."

मी मोठ्याने रडलो. डॉक्टर म्हणतो रडू नका. रडलो.

प्रियंका कॉलेजातून आली ती मला घरात पाहून दारातच थांबली. मला तिच्याशी जे बोलायचं होतं ते आजोबाशी बोलायचं होतं, पण आता तिच्याशीच. मी म्हटलं, "माय, तू बरोबर सांगत होती." तिने पुस्तकं खाली ठेवली अन् माझ्या शेजारी, जमिनीवर बसली.

तेवढ्यात बाहेर अंधारून आलं. वत्सलावहिनी खुंटीवरून बॅटरी काढायला उठली, तशी मीही तिच्या मागे दारात आलो. नदीपलीकडे माझं घर पहिल्यांदा इथून पाहिलं, दिवे लागतानाचं. संत्र्याची झाडं काळी झाली होती. छपरी दिसत होती, खाट दिसत नव्हती.

अन् तिकडून एक लांब उजेड आला.

मी इथं उभा, अन् तिकडून माझी बॅटरी लागली. हेमराजच असणार, जामसांवलीहून येऊन, घरात न शिरता, आधी गोठ्यामागे गेला असणार. समजत होतं मला. पण दिसत होतं वेगळंच. तिकडे छपरीत तो म्हातारा बसला होता, टाके घातलेला, रागाने फुगलेला. त्याचा तुळशीराम अजून जिवंत होता. रुसला होता, पण होता. आज ना उद्या नदी ओलांडून येणार होता.

वत्सलावहिनीने बॅटरी माझ्या हातात दिली. तुळशीरामची, खालून पत्रा दबलेली. एक क्षण वाटलं, गोल फिरवावी. मग नाही फिरवली. मी पलीकडच्या त्या माणसाकडे धरली अन् एकदा लांब मारली, की मी आहे, सगळं ठीक आहे.